एसएपी अडॅप्टरचा विझार्ड आणि बिझनेस ऑब्जेक्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"एसएपीमधून ग्राहकाची माहिती आणायची आहे, विझार्ड आहेच, दोन दिवसांत होईल ना?" हे वाक्य ज्यांनी मीटिंगमध्ये ऐकलंय त्यांच्यासाठी हे पान आहे. (एसएपी म्हणजे कंपनीचा हिशेब, विक्री, साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर.) इथे प्रामुख्याने आयबीएमच्या इंटिग्रेशन डिझायनरमधला 'एक्स्टर्नल सर्व्हिस' विझार्ड आणि वेबस्फिअरचा एसएपी अडॅप्टर (बाहेरच्या प्रणालीला एसएपीशी जोडणारा दुवा) यांच्याबद्दल लिहिलंय. तुमचं साधन दुसरं असेल तर पडद्यांची नावं बदलतील, पण बहुतेक अडचणी याच निघतील, कारण त्या एसएपीच्या पोटातून येतात.

विझार्ड नेमकं काय तयार करून देतो?

तो एसएपीला विचारतो, "तुझ्या या फंक्शनला कोणते पॅरामीटर लागतात, त्यांचे प्रकार काय, लांबी किती?" आणि मिळालेल्या उत्तरातून एक्सएसडी फाइल (डेटाची रचना सांगणारी एक्सएमएल फाइल) लिहितो. हेच बिझनेस ऑब्जेक्ट. प्रत्येक फील्डसोबत एक टिपण असतं: एसएपीमध्ये या फील्डचं मूळ नाव काय, ते कोणत्या पॅरामीटरचं, किती अक्षरांचं. या टिपणाला दस्तऐवजांत 'अॅप्लिकेशन स्पेसिफिक इन्फर्मेशन' म्हणतात, बोलताना सगळे 'एएसआय'च म्हणतात. प्रत्यक्ष कॉल होताना अडॅप्टर हे टिपण वाचूनच कुठली किंमत कुठे घालायची ते ठरवतो. म्हणून एक्सएसडीतला हा भाग 'नुसती कॉमेंट आहे' समजून पुसू नका. सोबत इंटरफेसची डब्ल्यूएसडीएल फाइल (सेवेला काय द्यायचं, काय परत येतं ते सांगणारी) आणि जोडणीची माहिती असलेली इम्पोर्ट किंवा एक्स्पोर्ट फाइलही मिळते.

तो जे देत नाही, तेही लगेच सांगतो. या फील्डात शून्य लावून आकडा भरायचा की न लावता, हे फील्ड रिकामं सोडलं तर जुनी किंमत पुसली जाईल का, कमिट (बदल कायमचा साठवणं) कोण करणार, यांतलं काहीही त्याला ठाऊक नसतं. विझार्ड आकार आणतो. पुढचे बहुतेक प्रश्न आकाराच्या आतल्या अर्थाबद्दल आहेत, आणि तिथे दोन दिवसांचे दोन आठवडे होतात.

ही कल्पना आयबीएमची का?

मुळात क्रॉसवर्ल्ड्स नावाच्या कंपनीची. आयबीएमने ती २००२ मध्ये घेतली. तिच्या उत्पादनात 'ऑब्जेक्ट डिस्कव्हरी एजंट' होते, त्यांना ओडीए म्हणत. बिझनेस ऑब्जेक्ट डिझायनर उघडायचा, ओडीएला जोडायचं, झाडासारख्या यादीतून हवं ते निवडायचं. पुढे वेबस्फिअर प्रोसेस सर्व्हर आला आणि तेच काम 'एंटरप्राइज सर्व्हिस डिस्कव्हरी' नावाने एक्लिप्सवर आधारलेल्या साधनात गेलं, नंतर नाव 'एक्स्टर्नल सर्व्हिस' झालं. जुन्या प्रकल्पाच्या कागदपत्रांत ही तिन्ही नावं भेटली तर गोंधळू नका.

विझार्ड उघडण्याआधी काय काय जमवून ठेवायचं?

पहिली गोष्ट म्हणजे एसएपीची जेको लायब्ररी, म्हणजे जावा कनेक्टर. ती अडॅप्टरसोबत येत नाही, एसएपीच्या संकेतस्थळावरून उतरवावी लागते आणि त्यासाठी एस-युजर (एसएपीच्या ग्राहकांना मिळणारं लॉग-इन) लागतो. तुमच्याकडे नसेल तर ग्राहकाच्या बेसिस टीमकडे (एसएपी सिस्टिम सांभाळणाऱ्यांकडे) आजच मागा, ईमेलच्या फेऱ्यांत आठवडा सहज जातो. जेको ३ च्या जार फाइलचं नाव बदलू नका, पुढे आवृत्तीचा आकडा जोडायचा मोहही टाळा. नाव बदललेली जार ती लायब्ररी चालूच देत नाही. जारसोबत एक नेटिव्ह फाइल येते, विंडोजवर डीएलएल आणि लिनक्सवर एसओ. ती ३२ की ६४ बिट हे ज्या जावावर साधन चालतं त्याच्याशी जुळलं पाहिजे. कितीतरी वर्षं डिझायनर ३२ बिटांचा आणि सर्व्हर ६४ बिटांचा असे, त्यामुळे "माझ्या मशीनवर चालतं" हे वाक्य या अडॅप्टरच्या बाबतीत फारच दुबळं ठरायचं.

दुसरी गोष्ट नेटवर्क. एसएपी गेटवेचा पोर्ट ३३ ने सुरू होतो आणि पुढे सिस्टिम नंबर लागतो, म्हणजे नंबर ०० असेल तर ३३००. लोड बॅलन्सिंग वापरत असाल तर मेसेज सर्व्हरचा ३६ ने सुरू होणारा पोर्टही लागतो. फायरवॉलवाल्यांना एकदाच पूर्ण यादी द्या.

तिसरी गोष्ट परवानग्या, आणि इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात.

जोडणी होते, पण यादी रिकामी येते. का?

बहुतेक वेळा परवानगीमुळे. लॉग-इन होणं वेगळं आणि फंक्शनची रचना वाचता येणं वेगळं. रचना वाचण्यासाठी जेको स्वतः काही फंक्शन बोलावतो. ती आरएफसी १, सिस्ट, एसडीआयएफ रनटाइम अशा फंक्शन ग्रुपांत असतात. तुमच्या युजरला एस आरएफसी या ऑथरायझेशन ऑब्जेक्टमधून फक्त हव्या त्या बापीचा (एसएपीने बाहेरच्यांसाठी ठेवलेल्या तयार फंक्शनचा) ग्रुप दिला असेल, तर विझार्ड आंधळा होतो. बेसिसवाल्यांना "परवानगी द्या" एवढंच सांगून काम होत नाही. विझार्ड चालवून पाहा, मग लगेच एसयू ५३ मध्ये त्या युजरचा शेवटचा नकार बघायला सांगा. त्या पडद्याचा फोटो जोडलेला ईमेल तासाभरात सुटतो.

विझार्डसाठी एक युजर आणि प्रत्यक्ष चालवण्यासाठी दुसरा युजर, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्याला शोधायला जास्त परवानग्या लागतात आणि तो फक्त डेव्हलपमेंट सिस्टिमवर असावा. प्रॉडक्शनमधल्या युजरला मोजकीच फंक्शनं द्यावीत.

यादी येते, पण संपतच नाही. काय करू?

फिल्टर न लावता शोध सोडला असणार. एसएपीमध्ये आरएफसीने, म्हणजे बाहेरून, बोलावता येणारी फंक्शनं हजारोंनी असतात. नावाचा सुरुवातीचा भाग आणि स्टार एवढा फिल्टर लावा, 'बापी कस्टमर' एवढा जरी दिलात तरी पुरे. नाव माहीत नसेल तर विझार्डमध्ये चाचपडत बसू नका. एसएपीच्या माणसाला एसई ३७ मध्ये ते फंक्शन उघडून तुमच्यासमोर एकदा चाचणी डेटाने चालवायला सांगा. तिथे जे चालत नाही ते विझार्डनंतरही चालणार नाही.

बापी घ्यायची, आयडॉक घ्यायचा की सरळ टेबल वाचायचं?

लगेच उत्तर हवं असेल, म्हणजे पडद्यावर कोणी वाट बघत असेल, तर बापी. माहिती एकीकडून दुसरीकडे पोचली म्हणजे झालं, थोडा उशीर चालतो पण हरवलेली चालणार नाही, तर आयडॉक (एसएपीचा ठरावीक साच्यातला संदेश). आयडॉकमध्ये काय गेलं, कुठे अडकलं याचा माग एसएपीच्या आतच राहतो आणि तिथूनच पुन्हा पाठवता येतं. रात्री दोन वाजता फोन येतो तेव्हा याची किंमत कळते.

टेबल वाचायचा मोह सगळ्यांना होतो, कारण तो सोपा दिसतो. पण टेबलाची रचना हा एसएपीचा खासगी मामला आहे, बापीचा इंटरफेस हा बाहेरच्यांशी केलेला करार. शिवाय काही साधनं आतून 'आरएफसी रीड टेबल' हे फंक्शन वापरतात आणि त्यात एका ओळीला ५१२ अक्षरांची मर्यादा असते. रुंद टेबलातली चार जास्त कॉलमं मागितली की कॉल आपटतो.

फील्डांची नावं कोणती ठेवायची: एसएपीची की वर्णनावरून आलेली?

विझार्डमध्ये एसएपीची मूळ फील्डनावं वापरण्याची एक चौकट असते. तिच्यावर खूण केली नाही तर फील्डाच्या वर्णनावरून नावं तयार होतात. मूळ नावं रुक्ष असतात. ग्राहक क्रमांकाला 'केयूएनएनआर', विक्री संस्थेला 'व्हीकेओआरजी', वस्तूला 'एमएटीएनआर', कारण मुळात ती जर्मन शब्दांची संक्षिप्त रूपं आहेत. म्हणून नवीन माणूस हौसेने वर्णनाची नावं घेतो.

एका प्रकल्पात मीही घेतली होती. पहिल्यांदा विझार्ड चालवला तेव्हा लॉग-इनची भाषा इंग्रजी होती. काही महिन्यांनी ग्राहकाच्या जर्मनीतल्या सहकाऱ्याने एक फील्ड वाढवायला विझार्ड पुन्हा चालवला आणि त्याच्याकडे भाषा जर्मन होती. 'कस्टमर नंबर'च्या जागी 'डेबिटोरेननुमर' आलं, आणि असं एकूणएक फील्डाचं. सगळे मॅपिंग (कोणतं फील्ड कुठे जातं याच्या जोडण्या) लाल! चूक कुणाचीच नव्हती, विझार्डने त्याला विचारलेलं प्रामाणिकपणे दिलं. तेव्हापासून मी मूळ नावंच घेतो. ती कुठल्याही भाषेत तीच राहतात, एसएपीवाल्याशी बोलताना दुभाष्या लागत नाही, आणि इंटरनेटवर शोधलं तर ती सापडतात. वाचायला सोपी नावं हवीत तर ती तुमच्या स्वतःच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवा.

सगळे ऐच्छिक पॅरामीटर घेऊन टाकू का? पुढे लागले तर?

नका घेऊ. विक्री ऑर्डर तयार करणाऱ्या बापीला इतकी टेबलं आणि स्ट्रक्चर आहेत की सगळी घेतली तर एक्सएसडींचा ढीग पडतो, डिझायनर धापा टाकतो, आणि मॅपिंगच्या पडद्यावर हवं ते फील्ड शोधणं म्हणजे जत्रेत पोर शोधणं. आज जे भरणार किंवा वाचणार आहात तेवढंच घ्या. एक गोष्ट मात्र कायम घ्या, ती म्हणजे 'रिटर्न'. बापी अपयशी झाली तरी सहसा एक्सेप्शन येत नाही, त्या रिटर्नमध्ये प्रकाराच्या जागी 'ई' किंवा 'ए' लिहून येतं. ते वाचलंच नाही तर तुमच्या लॉगमध्ये सगळं हिरवंगार दिसतं आणि ऑर्डर मात्र कुठेच नसते.

मी फील्ड भरलं, कॉल यशस्वी झाला, तरी एसएपीमध्ये बदल दिसत नाही!

दोन कारणं बघा. पहिलं कमिट. बहुतेक बापी स्वतः कमिट करत नाहीत, त्यानंतर त्याच सत्रात 'बापी ट्रान्झॅक्शन कमिट' बोलवावी लागते. अनेक बापी एका दमात करायच्या असतील तर विझार्डमध्ये साध्या बापीऐवजी 'वर्क युनिट' निवडा आणि क्रमात कमिट घाला.

दुसरं कारण जास्त फसवं आहे: 'एक्स'वाली जुळी स्ट्रक्चर. विझार्डने दिलेल्या ऑब्जेक्टमध्ये 'ऑर्डर हेडर इन' आणि त्याच्याच शेजारी 'ऑर्डर हेडर इनएक्स' दिसेल. वस्तू साठवणाऱ्या बापीत 'क्लायंट डेटा' आणि 'क्लायंट डेटाएक्स'. फील्डांची नावं तीच, पण दुसऱ्यात प्रत्येक फील्ड एकाच अक्षराचं. पाहणाऱ्याला वाटतं, विझार्डने चुकून दोनदा आणलं. तसं नाही. पहिल्यात किंमत भरायची आणि दुसऱ्यात, ज्या ज्या फील्डाची किंमत एसएपीने खरोखर घ्यावी असं वाटतं, तिथे 'एक्स' अक्षर ठेवायचं. खूण नाही, तर किंमत दुर्लक्षित. का? कारण रिकामं फील्ड म्हणजे "याला हात लावू नकोस" की "हे पुसून टाक", हे नुसत्या आकारावरून कळत नाही. ही जुळी त्याचंच उत्तर आहे. विक्री ऑर्डर बदलणाऱ्या बापीत तर हेडरच्या जुळ्यात 'अपडेट फ्लॅग' नावाचं फील्डही असतं, बदलासाठी त्यात 'यू' हवा.

टीममध्ये नवीन कोणी आलं की ही गोष्ट मी पहिल्या दिवशी सांगतो. तरी प्रत्येक जण एकदा त्यात पडतोच.

ग्राहक क्रमांक बरोबर आहे, तरी "ग्राहक सापडला नाही" असं का येतं?

शून्यं. एसएपीच्या पडद्यावर तुम्ही १२३४५ लिहिता तेव्हा पडदा मागच्या मागे त्याचे ००००० १२३४५ करतो, कारण ते फील्ड १० अक्षरांचं आहे आणि आकडा डावीकडून शून्यांनी भरून साठवला जातो. बापी बोलावताना मध्ये पडदा नसतो. मॅपिंगमध्ये तुम्हीच शून्यं लावायची, मध्ये जागा न सोडता. मात्र क्रमांकात अक्षरं असतील, जसं 'सी १००', तर शून्यं लावायची नाहीत. विझार्डला हे फील्ड फक्त 'स्ट्रिंग, कमाल लांबी १०' एवढंच दिसतं.

तारीख आणि रकमेचं काय?

तारीख एसएपीमध्ये आठ अंकी, वर्ष-महिना-दिवस सलग. रिकामी तारीख म्हणजे आठ शून्यं. तुमच्या ऑब्जेक्टमध्ये प्रकार 'डेट' असेल आणि कुठल्याशा मधल्या टप्प्यावर ती आठ शून्यं कच्ची आली, तर तपासणी मोडते. म्हणून चाचणीच्या डेटात रिकाम्या तारखेचा एक तरी रेकॉर्ड मुद्दाम ठेवा.

रकमेचा सापळा पुण्या-मुंबईत बसून सापडतच नाही, कारण आपल्या रुपयाला दोन दशांश स्थळं आहेत. एसएपीच्या टेबलांत रकमा साधारण दोन दशांशांनी साठवतात, चलन कोणतंही असो. येनला पैसे नसतात, तेव्हा १०० येन टेबलात १.०० असे बसतात. कोणत्या चलनाला किती स्थळं, याचे अपवाद 'टीसीयूआरएक्स' टेबलात असतात. बापीच्या नीट बांधलेल्या इंटरफेसमध्ये रक्कम चार दशांशांच्या बाहेरच्या रूपात येते, म्हणून ती बिनधोक. पण सरळ टेबलाच्या वाटेने आणाल तर रुपया, डॉलर, युरो सगळे पास होतील आणि जपानी ग्राहकाचं पहिलं बिल शंभर पट चुकेल.

एसएपीत नवीन फील्ड आलं. एक्सएसडी हाताने दुरुस्त करू की विझार्ड पुन्हा चालवू?

पुन्हा चालवा. हाताने फील्ड घालता येतं, त्याचं एएसआय टिपणही शेजारच्याचं बघून लिहिता येतं, आणि ते चालतंसुद्धा. पण पुढच्या वेळी कोणीतरी विझार्ड चालवतो आणि तुमचं हस्तलिखित बिनबोभाट गायब होतं.

म्हणून विझार्डची सगळी निर्मिती एका वेगळ्या लायब्ररीत ठेवा आणि तिला कोणी हात लावायचा नाही असा नियम करा. प्रक्रियांमध्ये वापरायला तुमचा स्वतःचा 'ग्राहक', 'ऑर्डर' असा ऑब्जेक्ट बनवा आणि दोघांच्या मध्ये एक मॅपिंग. सुरुवातीला दुप्पट काम वाटतं. तीन फील्डांच्या सेवेसाठी मीही हे करत नाही, खोटं कशाला बोलू. पण एकाच ग्राहकाची माहिती दोनपेक्षा जास्त ठिकाणी जाणार असेल तर करतोच. विझार्डमध्ये निवडलेले पर्याय, नेमस्पेस, नावापुढचा उपसर्ग आणि लॉग-इनची भाषा एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहून एक्सएसडींच्या शेजारीच कमिट करा. दोन वर्षांनी हे कोणालाच आठवत नाही, मला तर मुळीच नाही.

ग्राहक ईसीसीवरून एस/४हानावर जातोय. जुने ऑब्जेक्ट चालतील?

(ईसीसी ही एसएपीची जुनी पिढी, एस/४हाना नवी.) बरेचसे चालतात, पण वस्तू क्रमांकाकडे लक्ष द्या. तो १८ अक्षरांचा होता, एस/४हानाच्या १५११ आवृत्तीपासून ४० पर्यंत वाढवता येतो. जुने कॉल मोडू नयेत म्हणून एसएपीने बापींमधलं जुनं 'मटेरियल' फील्ड १८ चंच ठेवलं आणि शेजारी 'मटेरियल लाँग' आणलं. ग्राहकाने लांब क्रमांक चालू केले नसतील तर जुन्यावर भागतं. केले असतील तर विझार्ड पुन्हा चालवून नवीन फील्ड मॅप करावं लागेल. हा प्रश्न लेखी विचारा, कारण तोंडी उत्तर नेहमी "काही बदलत नाही" असंच येतं.

एसएपीला जोडणीच मिळत नाहीये. तोवर आयडॉकचे ऑब्जेक्ट करता येतील?

हो. विझार्डमध्ये 'सिस्टिममधून' आणि 'फाइलमधून' असे दोन मार्ग आहेत. एसएपीच्या माणसाला डब्ल्यूई ६० मधून त्या आयडॉकची पार्सर फाइल (त्याच्या रचनेचं वर्णन असलेली) काढून पाठवायला सांगा. मागताना मूळ प्रकाराचं नाव, उदाहरणार्थ 'ऑर्डर्स ०५', आणि त्यावर ग्राहकाने केलेलं एक्स्टेन्शन, दोन्ही सांगा. एक्स्टेन्शन विसरलात तर झेडने सुरू होणारे त्यांचे खास सेगमेंट येणार नाहीत, आणि ग्राहकाला बहुधा तेच हवे असतात.

बिझनेस ग्राफ घ्यायचा का?

गरज नसेल तर नको. मूळ ऑब्जेक्टभोवती आणखी एक वेष्टण आणि त्यात 'क्रिएट', 'अपडेट' असं क्रियापद, एवढंच ते असतं.

बिझटॉक, ओरॅकल किंवा ओडेटा वापरत असू तर?

मायक्रोसॉफ्टच्या बिझटॉकमध्ये हेच काम 'कन्झ्यूम अडॅप्टर सर्व्हिस' करतो, ओरॅकलमध्ये जेडेव्हलपरमधला अडॅप्टरचा विझार्ड. ओडेटासाठी (वेबवरून डेटा देण्याघेण्याची पद्धत) एसएपीच्या आतच एसईजीडब्ल्यू हा सर्व्हिस बिल्डर आहे, तो आरएफसी किंवा डिक्शनरीतल्या स्ट्रक्चरवरून एन्टिटी तयार करतो. नव्या कामाला ओडेटा सेवा तयार मिळत असेल तर मी तीच घेईन. पण तिच्या खाली जुनीच बापी असली, तर शून्यं आणि एक्सवाली जुळी एसएपीच्या बाजूने कोणीतरी हाताळली आहेत ना, हे विचारूनच.

ग्राहकांची नावं मराठीत, देवनागरीत आहेत. विझार्डच्या लांब्या पुरतील?

एसएपी सिस्टिम युनिकोड असेल तर नावं नीट जातात, पण मोजणी तपासा. ग्राहकाच्या मुख्य टेबलातलं पहिलं नाव ३५ अक्षरांचं असतं आणि विझार्ड एक्सएसडीत तीच कमाल लांबी लिहितो. आपल्याला 'श्रीकृष्ण' तीन-चार अक्षरांचं वाटतं, मशीनला ते ९ चं दिसतं: श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, क, ऋकार, ष, हलन्त, ण. 'लक्ष्मीनारायण' १३ चं होतं. त्यात आडनाव आणि 'सहकारी पतसंस्था मर्यादित' जोडलं की ३५ केव्हाच ओलांडतात. मग कोणीतरी मॅपिंगमध्ये सरळ ३५ वर कापतं, आणि काप हलन्तानंतर बसला तर बिलावर पाय मोडलेलं अक्षर छापलं जातं. कापायचंच असेल तर शब्दाच्या शेवटी कापा आणि उरलेलं दुसऱ्या नावाच्या फील्डात टाका, त्यासाठीच ते शेजारी दिलेलं आहे.